थरथर थांबल्यावर

सूरतच्या भर उन्हाळ्यातही आमच्या ऑपरेशन थिएटरात दात वाजतील एवढा एसी असतो. मी तिथं रिकव्हरीची नर्स. भूल उतरताना पेशंट थरथर कापायला लागतो आणि नातेवाईक ताप चढला म्हणून घाबरतात. अंगाला ऊब द्यायचं गरम हवेचं मशीन कधीचं बिघडलंय. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. मग मी ब्लँकेटवर ब्लँकेट टाकते, ऑक्सिजन लावते आणि डॉक्टरांना विचारून इंजेक्शन देते.

त्या दुपारी कतारगामच्या लूमवरचा, यंत्रमागावरचा, एक कारागीर आणला होता, आमच्याच खानदेशातला. उजवा हात रोलरमध्ये गेलेला. अंगठा वाचला, शेजारची दोन बोटं काढावी लागली. शुद्धीवर येताना तो गदागदा हलत होता, पलंगाच्या दांड्या खडखडत होत्या, पण चेहरा अगदी शांत. मी इंजेक्शन दिलं. थरथर थांबली, आणि तो दचकून उठायलाच लागला.

"लाइट गयी का, ताई?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळी पाळी लूमच्या धडधडीनं हादरत्या जमिनीवर उभा राहणारा माणूस. अंग हलत होतं तोवर तो लूमवरच होता. त्याचा तो लूम मीच बंद पाडला होता.

"हो, गेली. पडून राहा."

तो पडला. पट्टीबाहेरचा अंगठा मात्र हलत राहिला, नसलेल्या बोटांवर तुटलेला धागा पिळून जोडावा तसा.

"तोवर तुटेल तार जोडी लेस," तो म्हणाला.