काचेला चिकटलेला फोटो

लग्नाला सात महिने झाले होते. हॉलमधल्या फोटोवरची धूळ पुसताना फ्रेम माझ्या हातून निसटली आणि काचेला आडवा तडा गेला. फोटो माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा होता.

आवाज ऐकून तिची मुलगी धावत आली. अकरा वर्षांची. मला मावशी म्हणायची, तेही कोणी आठवण करून दिली तर.

"मुद्दाम पाडलात."

मी नाही म्हटलं, पण आवाज चोरासारखा निघाला.

दुपारी फ्रेम घेऊन राजारामपुरीतल्या फ्रेमच्या दुकानात जायला निघाले, तर ती चपला घालून दारातच उभी. "मीपण येणार."

दुकानदाराने मागचा पुठ्ठा काढला, फोटोचा कोपरा नखाने जरासा उचलून पाहिला आणि हात आखडला. "भिंतीला ओल हाय काय तुमच्या? फोटो काचेला चिकटलाय. वढला तर चेहराच निघंल की."

निगेटिव्ह कधीच हरवली होती. काचेसकटच त्या फोटोचा फोटो काढून, कॉम्प्युटरवर तडा पुसून नवी प्रिंट देतो, असं तो म्हणाला. मला हायसं वाटलं.

"नको," मुलगी म्हणाली. "हाच पायजे."

"मग पाण्यात भिजवून बघाय लागंल. निघतोय कवा कवा. पण जबाबदारी तुमची."

दोघंही माझ्याकडे बघत होते. नवरा फोन उचलत नव्हता. फोटो खराब झाला, तर सासूबाईंच्या लेखी त्या घरात मी जन्मभर 'तिला पुसून टाकणारी' ठरणार होते. तरी 'नको' म्हणायचा हक्क मला कुठे होता?

"आधी कॉपी काढून ठेवा," मी म्हटलं. "मग ही सांगेल तसं करा."

"भिजवा," ती म्हणाली.

तड्यावर चिकटपट्टी लावून त्याने काच पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवली. अर्धा तास आम्ही दोघी त्या ट्रेकडे बघत उभ्या होतो. मग तो बोटाने हळूहळू फोटो सरकवू लागला. खालचा कोपरा टरकला. पदराचा रंग काचेवरच राहिला. मुलीने काउंटरची कड घट्ट धरली. मी डोळे मिटले.

"चेहरा अख्खा आला बगा," तो म्हणाला.

फोटो वाळल्यावर, दोन दिवसांनी, आम्ही फ्रेम निवडायला गेलो. काच पुन्हा चिकटू नये म्हणून फोटोभोवती जाड कागदाची चौकट घालावी लागणार होती. मी रुंद पट्टीची निवडली. तिच्याखाली फाटका कोपरा झाकला जात होता.

"आजीला कळू नये म्हणून ना?" मुलीने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "भीती वाटते मला त्यांची."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने सगळ्यांत अरुंद चौकट पुढे सरकवली. "ही घ्या. फाटलेलं दिसू दे."

घरी सासूबाईंनी चष्मा लावला आणि त्यांची नजर थेट त्या कोपऱ्यावर गेली. "ह्ये कुणी केलं?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "भिजवा म्हणून मी सांगितलं."

सासूबाईंनी आळीपाळीने आम्हा दोघींकडे पाहिलं. मग चष्मा काढून त्या आत निघून गेल्या. मुलगी हातोडी घेऊन समोरच्या कोरड्या भिंतीपाशी स्टुलावर चढली. स्टूल डुगडुगत होतं. मी ते धरून उभी राहिले.