मौनावरचा प्रबंध

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत पार्सिपनीला राहत होतो. नवरा ऑफिसला गेला आणि मुलीला शेजारच्या काकूंकडे सोडलं की मी बसने युनिव्हर्सिटीत जायची आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका ब्रिटिश खासदाराची पार्लमेंटमधली भाषणं वाचत बसायची. काकू म्हणायच्या, "अगं, मेलेल्या साहेबाची बडबड वाचायला इतक्या लांब आलीस?"

बडबड कसली डोंबलाची! माणूस जेमतेम बोलायचा. हिंदुस्थानातल्या दुष्काळावर एकदा पोटतिडकीने बोलला, सभागृहाने त्याची टर उडवली. त्यानंतर मरेपर्यंत खासदार राहिला, पण पार्लमेंटच्या भाषणांच्या सूचीत त्याच्या नावापुढे आणखी एकही भाषण नाही. त्या गप्प बसण्यावर मी अख्खा प्रबंध उभा केला. खरं सांगते, जीव जडला होता माझा त्याच्यावर.

तोंडी परीक्षेला तीन आठवडे उरले होते. त्यानंतर लगेच नवऱ्याची नॉर्थ कॅरोलायनाला बदली, म्हणजे डिग्री आत्ता नाही तर कधीच नाही. तळटीपा तपासताना एका भलत्याच खासदाराचं भाषण समोर आलं. दुष्काळावर आपण पूर्वी याच सभागृहात बोललो ते चुकलंच, सरकारने केलं ते योग्यच केलं, असं तो म्हणत होता. मतदारसंघ तोच. दिवसभर शोधलं तेव्हा उलगडलं, की मामाची इस्टेट मिळावी म्हणून माझ्याच खासदाराने मामाचं आडनाव घेतलं होतं. त्या नावाखाली भाषणंच भाषणं, आणि बहुतेक सगळी सरकारची तळी उचलणारी.

आता मला काय म्हणावं! लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं. मार्कशीटवरची बाई आणि पासपोर्टवरची बाई एकच, हे इथल्या युनिव्हर्सिटीच्या ऑफिसला पटवताना माझ्या नाकी नऊ आले होते. पण पुरुषाचंही नाव बदलू शकतं, हे काही टाळक्यात शिरलं नाही.

संध्याकाळी गाडीत नवऱ्याला सांगितलं. "कोण चेक करणार आहे यार?" तो म्हणाला. "सबमिट करून टाक." मला त्याचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त, कारण मला तेच ऐकायचं होतं.

परीक्षेत एका म्हाताऱ्या प्रोफेसरांनी चष्मा पुसत सहज विचारलं, "म्हणजे तो पुन्हा कधीच बोलला नाही?"

बाहेर नवरा मुलीला घेऊन बसला होता. काकूंनी घरी श्रीखंड करून ठेवलं होतं.

"कधीच नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. "सच्चा माणूस दिसतो," असं म्हणत त्यांनी सही केली.