बसून जेवायची पत्रावळ

पानाच्या पत्रावळी गळतात, असं मळवलीच्या माझ्या दुकानात मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो. ते खोटं होतं. थर्माकोलच्या ताटांत मला जास्त सुटायचं, एवढंच खरं कारण.

त्याआधी शेजारच्या भाजे गावातल्या एका मावशीकडून मी पळसाच्या पत्रावळी घ्यायचो. भात झोडून झाला की ती आणि तिच्या दोन सुना ओसरीवर बसून पानाला पान जोडायच्या, बांबूच्या बारीक चोयांनी टाचायच्या. एका वर्षी तिचे गठ्ठे मी दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवले. "आता कुणी मागत नाही," म्हणालो. पुढे थर्माकोल बंद झालं, तर मी चकचकीत कागदी ताटं आणली. मावशीकडे काही गेलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात मुलीचं लग्न ठरलं. ती आंबीच्या एका कारखान्यात नोकरी करते. शालू, दागिने, कशाचाच हट्ट तिनं धरला नाही. "बाबा, जेवण फक्त पानाच्या पत्रावळीत हवं."

मी सवयीनं भाव सांगितला. "कागदीच्या तिप्पट पडेल."

"वरचे पैसे माझ्या पगारातले घ्या. तुम्ही फक्त आणून द्या."

कुठून आणायच्या, हे मला माहीत होतं. म्हणून तर पाय निघेना.

मावशी ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "मावशी, लेकीच्या लग्नाला पत्रावळी हव्यात. तू म्हणशील तो भाव."

तिनं सुपातून मान वर केली नाही. "आता गळत न्हाईत व्हय रं?"

म्हणजे माझं बोलणं तिच्या कानावर गेलेलं होतं. इतकी वर्षं. मी खाली बसलो आणि सगळं कबूल केलं. ती खडे वेचत राहिली. मग एकदम विचारलं, "मंडळी जेवणार कशी? उभ्यानं का बसून?"

लोणावळ्याच्या हॉलवर बुफे ठरला होता. तसं सांगितलं.

"मग न्हाई देणार. हातात धरली की पान वाकणार, वरण लोकांच्या अंगावर. परत नाव माज्याच पत्रावळीला. पैसं लय देशील रं तू, पंगत बसवशील का?"

पैसे मोजणं सोपं होतं, ते तर लेकच मोजणार होती. मावशी जे मागत होती ते मला करावं लागणार होतं. मी हो म्हणालो.

हॉलवाल्यानं पंगतीला वाढपी द्यायला नकार दिला. मेहुणा म्हणाला, "दाजी, वऱ्हाडाचे गुडघे तुमच्या खर्चानं बदलायचे का?" तरी तोच भाताचं पातेलं घेऊन पुढे झाला. वरणाची बादली मी घेतली. ज्यांना खाली बसवेना, त्यांच्यासाठी भिंतीकडेला टेबलं-बाकं लावली.

मावशी पहिल्याच पंगतीत बसली, दोन्ही सुनांसह. भाताला आळं करून म्हणाली, "वाढ." मी वाढलं. "आनखी वाढ, हात का आकडतो?" आळं काठोकाठ भरलं. शेजारच्या बायका हसायला लागल्या. मावशीनं भात कालवला, शेवटचा घास घेतला आणि पत्रावळ एका बाजूनं उचलून मला खालची सतरंजी दाखवली. कोरडी होती.

नवरी मुलगी दाराशी उभी राहून बघत होती. माझ्या नव्या सदऱ्यावर वरणाचे पिवळे डाग पडले होते. तसल्या अवतारात माझा फोटो काढायला तिनं फोटोवाल्याला बोलावलं. एरवी लाजलो असतो. त्या दिवशी बादली हातात तशीच धरून ताठ उभा राहिलो.

आता दुकानात पुढच्याच खिळ्याला मावशीचे गठ्ठे टांगलेत. भाव ऐकून बरेचजण कागदी ताटं घेऊन जातात. एखादा थांबतो, विचारतो, "गळत नाहीत ना?"

मी त्याला तोच फोटो दाखवतो. सदऱ्यावरचे डाग बघून तो हसतो. मग त्याला सांगतो, डाग बादलीचे आहेत, पत्रावळीचे नाहीत.