शेवटचा पेला

कुमुदताईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या खोलीला बाहेरून कडी होती. ती त्यांनीच काढली. या पंच्याहत्तरीच्या ग्रंथात त्यांच्या औषधशास्त्रातील कामाविषयी जाणकारांनी लिहिले आहेच. मी त्यांची वही लिहिणारी मदतनीस. पण वहीच्या पहिल्या पानावर जिची हकीकत आहे ती गृहिणीही मीच, हे आजवर कोणाला सांगितले नाही. आताही लिहिता लिहिता तीनदा उठून फेऱ्या मारून आले.

झाशीच्या आमच्या घरी रंगपंचमीला भांगेची ठंडाई प्रसाद म्हणून होत असे. पहिला पेला मामंजींचा, म्हणजे सासऱ्यांचा. मग वयाप्रमाणे इतरांचा, आणि सर्वांत शेवटचा वाढणाऱ्या सुनेचा. वरची मलई मोडू नये म्हणून पातेले ढवळायचे नाही, ओगराळ्याने वरवर घ्यायचे, हा घरचा दंडक. लागोपाठ तीन वर्षे बाकीचे खिदळत होते आणि मी किंचाळत होते. सुनेच्या अंगात काहीतरी येते, असे शेजारणी म्हणत, "बहू पे कछू आ जात है." तिसऱ्या वर्षी मामंजींनी निकाल दिला. सुनेला मऊरानीपुरास माहेरी कायमची धाडायची, चार वर्षांची नात इथेच राहील. माझी ट्रंक ओसरीवर काढून ठेवली गेली.

ताई शेजारी रंग खेळायला आल्या होत्या. आरडाओरडा ऐकून आत आल्या. घरचे सगळे बंद दाराबाहेरून माझ्या अंगातल्या भुताला "तू कोण आहेस?" असे दरडावत होते. ताईंनी कडी काढून मला विचारले, "काय दिसतंय गं तुला?" आणि मग, "पेला कितवा होता?"

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तेवढीच भांग, तेच पातेले मागितले. मामंजी आढेवेढे घेत होते, तर ताई म्हणाल्या, "दादाजी, एक बार मेरे कहने से." मी वाढले. पहिला पेला मामंजींचा. शेवटचा, तळाशी बसलेल्या भांगेच्या गाळाचा, ताईंनी घेतला आणि वही माझ्या हाती दिली. "घड्याळ बघ, मी बोलेन ते लिही."

तासभर काहीच नाही. मामंजी विजयी मुद्रेने म्हणाले, "देखिए, कुछ नहीं हुआ." थोड्या वेळाने ते मांजराकडे बघून गालात हसू लागले. ताईंचा चेहरा मात्र उतरला. "लिही. मिनिटकाटा अडकलाय. भिंत श्वास घेतेय. माझे वडील बोलतायत. ते वारले हे मला ठाऊक आहे, तरी बोलतायत. भीती वाटतेय, हेही लिही."

मामंजींचे हसू थांबले. मग गड्याला म्हणाले, "ट्रंक आत नेऊन ठेव." त्या दिवशी मी मुलीला मांडीवरून खाली उतरू दिले नाही.

पुढे ताईंनी कितीतरी वर्षे लोकांचे असे अनुभव टिपले. थोडी घेतली की हसू, जास्त झाली की काळ ताणला जातो, त्याहून जास्त झाली की मेलेली माणसे बोलतात. पण हे सरळ पट्टीने मोजता येत नाही, हा त्यांचा हट्ट. झाशीजवळच्या बबीना गावातल्या एका विद्यार्थ्याला मित्रांनी न सांगता भांगेचा लाडू चारला. "सबको बराबर दिया था, यही डर गया," असे ती मुले सांगू लागली. ताई कडाडल्या, "बराबर किसके लिए? उससे पूछा था?" आणि तो शांत होईपर्यंत दिवसभर त्याचा हात धरून बसल्या. न सांगता देणाऱ्याला त्यांनी कधी माफ केले नाही.

हल्ली ताईंची तब्येत बरी नसते. गोळ्या वाढतात, बदलतात. भेटायला गेले की घरचे मला गोळ्यांची मापे सांगतात आणि ताई भिंतीकडे पाहत गप्प असतात. ते पाहून परतले की मला घरात बसवत नाही.

ताई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि ते आमच्या डोळ्यांसमोर लाभो. उद्या मी येते आहे. नवी वही घेतली आहे. काय दिसते, काय वाटते ते तुम्ही बोला. भीती वाटत असेल तर तेही मी लिहून घेईन.