मगरताईची सुनावणी

पोहण्याच्या तलावावर मी तिकिटाच्या खिडकीत बसते, म्हणून मगरताई मला 'खिडकी' म्हणते. तिला मगरताई केलं मुलांनी. कठडा धरून रडणारा कुणी दिसला की ही बाई लांबून बुडी मारते, तळाला पोट घासत येते आणि त्याच्या शेजारी गुपचूप डोकं वर काढते. "झालं रडून? का अजून थोडं बाकी आहे?" तो दचकतो, मग हसतो, आणि हसता हसता त्याचा हात कठड्यावरून सुटतो. हे मी कितीदा पाहिलंय, तरी दर वेळी तिकिटं फाडायची सोडून बघत बसते. लोक रांगेतून ओरडतात. ओरडू देत.

साठी उलटली, पण खांदे असे की पाठमोरी दिसली तर एखादा पैलवान चाललाय असं वाटावं. लग्न केलं नाही. "मागणी घालायला आलेल्यांपैकी एकालाही पोहता येत नव्हतं," असं कारण सांगते. घरात ती आणि तिचा धाकटा भाऊ. भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. सज्जन माणूस, पण डोळ्याला भिंग लावलं की कानाचं दार बंद. शेजारी छप्पर कोसळलं तरी "हं" म्हणेल. आणि पाण्याला इतका भितो की तलावावर बहिणीचा डबा घेऊन आला की भिंतीला चिकटून चालतो.

मगरताईची शिकवायची पद्धत सगळी सरळ, शेवटचा धडा मात्र तिचा स्वतःचा. त्या दिवशी प्रत्येकाने पँट, शर्ट, जाकीट, बूट असं सगळं घालून पाण्यात उतरायचं. "पाण्यात पडणारा माणूस आधी कपडे बदलून येत नाही," असं तिचं म्हणणं. उतरल्यावर हातपाय झाडायचे नाहीत. दम धरून पालथं, गप्प पडून राहायचं, मग उताणं होऊन श्वास घ्यायचा. हा धडा मुलांना देण्याआधी दर वेळी ती स्वतः करून बघते, दुपारी तलाव बंद असतो तेव्हा. काठावर कुणीतरी घड्याळ घेऊन उभं असल्याशिवाय ती पाण्यात पाय घालत नाही. ते कुणीतरी म्हणजे मी.

नेमकी त्या दिवशी मला दाढ काढायला जायचं होतं.

आता एक गोष्ट सांगून टाकते, कारण तिनेही ती कधी लपवली नाही. आई गेल्यावर मगरताई आजारी पडली होती. तापाने नाही, मनाने. खाणं सुटलं, बोलणं सुटलं, खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायची. शेवटी एके सकाळी भावाला म्हणाली, "मला दवाखान्यात ने," आणि स्वतःच्या पायांनी गेली, बरी होऊन आली. गोळ्या अजून चालू आहेत, पाण्याच्या बाटलीशेजारी उघड्यावर ठेवलेल्या असतात. भाऊ मात्र तेव्हा जो धास्तावला तो धास्तावलाच. ती रात्री खोकली तरी हा दारात उभा.

तर त्या दुपारी भाऊ डबा घेऊन आला. समोर बहीण, अंगात जाकीट, पायांत बूट, पाण्यावर पालथी, हालचाल नाही. त्याने डबा टाकला, बोंब ठोकली, आणि पोहता येत नसल्याने भिंतीवरचा आकडीचा लांब बांबू उचलून तिच्या कॉलरमध्ये अडकवला आणि जीव खाऊन ओढला. तिचं कपाळ कठड्यावर आपटलं आणि फुटलं. या सगळ्या प्रकरणात रक्त निघालं ते एवढंच, आणि ते वाचवणाऱ्याने काढलं, हे मी जन्मभर त्याला ऐकवणार आहे.

दवाखान्यात भाऊ ओक्साबोक्शी रडत म्हणाला, "हिला पूर्वी झालं होतं, तेच परत झालं." जाकिटाच्या खिशात दगड सापडले. कपाळावर टाके घालून घेताना मगरताई संतापाने थरथरत होती. भावाला तिने ढकललं, परिचारिकेला "मला वेड लागलेलं नाही" असं ओरडून सांगितलं. हे वाक्य जितकं जोरात म्हणावं तितकं उलटं ऐकू जातं. तरुण डॉक्टर पाळीवर होते. जुना आजार, पाणी, दगड, रडणारा भाऊ. त्यांनी तिला तिच्या इच्छेविरुद्ध मनोरुग्ण विभागात ठेवून घेतलं.

मी दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन पोचले. तोंड उघडत नव्हतं, हा दवाखान्याचा मोठा फायदा झाला. कॉटवर बसलेली मगरताई मी प्रथमच कोरडी पाहिली. केस कोरडे, ओठ कोरडे.

"अगं खिडकी, मी खरं सांगितलं तर म्हणतात, शांत व्हा. शांत झाले तर म्हणतात, उदास दिसता," ती म्हणाली. "आता हसू का काय करू?"

डॉक्टर आले. मी त्यांच्याशी भांडायचं ठरवून गेले होते, पण त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्या डोळ्याला डोळा देऊन बोलले, तेव्हा माझा अर्धा राग ओसरला. ते म्हणाले, "केवळ आजार आहे म्हणून कायदा कुणालाही असं ठेवू देत नाही. आजाराने तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका हवा, नाहीतर स्वतःची काळजीच घेता येत नाही अशी अवस्था हवी. आणि घरी राहून उपचार करण्यासारखा सौम्य मार्ग उरलेला नसावा. मला काल धोका दिसला. तुम्हाला ते मान्य नसेल तर अशा निर्णयांचा फेरविचार करणारं मंडळ असतं, त्याच्यापुढे सुनावणी मागता येते. तुमच्या बाजूने बोलायला तुम्ही कुणाचंही नाव देऊ शकता."

"मागितली सुनावणी," मगरताई म्हणाली. "आणि नाव हिचं."

"भावाचं नको?" डॉक्टरांनी विचारलं.

"भाऊ माझाच आहे. पण तो घाबरलाय. घाबरलेल्या माणसाला धरून मी पोहत नाही."

तिला काय गमवावं लागेल ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मंडळाने 'जिवाला धोका' असं एकदा मान्य केलं की मुक्काम वाढणार, आणि तलावाच्या व्यवस्थापकांनी मला स्पष्टच सांगितलं होतं की अशा बाईच्या हाती आम्ही मुलं देणार नाही. तलाव सुटला असता तर तिला आजारी पडायला दुसरं कारण लागलं नसतं.

सुनावणी दवाखान्यातल्याच एका खोलीत झाली. लांब टेबल, पाण्याचा जग, डुगडुगणारी खुर्ची, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला. मंडळात तिघं होते: मधे निवृत्त न्यायाधीशबाई, एका बाजूला दुसऱ्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई, आणि दुसऱ्या बाजूला एक टक्कल पडलेले गृहस्थ, जे स्वतः कधीकाळी अशाच विभागात राहून आले होते. भाऊ कोपऱ्यात टोपी चुरगाळत बसला होता.

मी तोंडाचा पट्टा सोडला. शेवटचा धडा सांगितला, कपडे सांगितले, घड्याळ सांगितलं. न्यायाधीशबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या दुपारी तुम्ही तिथे होतात?"

"नव्हते. दाढ काढत होते."

"मग त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला माहीत नाही."

मला राग आला, पण बाईंचं बरोबर होतं. बसता बसता म्हटलं, "निदान ते दगड तरी बघा. कुणी बघितलेत का?"

कुणीच बघितले नव्हते. तिचे कपडे आले तसे पिशवीत बांधून कपाटात टाकले होते. पिशवी आणली, सोडली, कुबट वास सुटला. टेबलावर गोटे पडले: लाल, पिवळे, हिरवे, प्रत्येकावर डोळे आणि हसरं तोंड रंगवलेलं. बुडी मारून तळातून काढायला ती मुलांसाठी टाकते ते, नेहमी याच खिशात असतात. एक गोटा टक्कलवाल्या गृहस्थांपुढे घरंगळत गेला. त्यांनी तो उचलला, त्याचं तोंड पाहिलं आणि स्वतःही हसले.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "दगड खेळातले असतील. पण जुना आजार असलेली व्यक्ती रिकाम्या तलावात एकटी, कपड्यांसकट. काठावर कुणी असल्याशिवाय उतरत नाही म्हणता, मग त्या दिवशी कोण होतं?"

"भाऊ होता," मगरताई म्हणाली. "त्याला सकाळी सांगितलं होतं. तो फाटकातून आत आलेला पाहिला, हात केला, मग पडले."

भावाने मान हलवली. "मला काही सांगितलं नव्हतं."

सख्ख्या भावाच्या तोंडून निघालेल्या नकारावर मी, तिकीटवाली, काय बोलणार?

न्यायाधीशबाई भावाकडे वळल्या. "तुम्हाला काय वाटलं ते राहू द्या. काय दिसलं आणि काय ऐकू आलं तेवढंच सांगा. त्यांना बाहेर काढल्यावर त्या काय बोलल्या?"

"असंबद्ध बोलत होती हो. कपाळातून रक्त वाहतंय आणि मला विचारतेय, 'वेळ मोजलीस का?' सारखं तेच. 'वेळ मोजलीस का? वेळ...'"

तो थांबला. टोपी हातातून खाली पडली, ती त्याने उचलली नाही.

"सकाळी," तो हळूच म्हणाला. "मी भिंग लावून बसलो होतो. ताई दारातून काहीतरी म्हणाली. 'दुपारी जरा लवकर ये, खिडकी दाढ काढायला चाललीय, माझी वेळ मोज.' आणि मी 'हं' म्हटलं. बाई, मी 'हं' म्हटलं होतं. माझी बहीण मरायला गेली नव्हती. ती माझ्या भरवशावर पडली होती."

मगरताई त्याच्याकडे बघत होती. तिचा राग गेलेला मला दिसला. मंडळाकडे वळून ती बोलली, या खेपेला आवाज न चढवता. "मला आजार आहे. नाही म्हणत नाही. तो यायला लागला की आधी मला कळतं, पाण्यात उतरायचा कंटाळा येतो. तसं झालं तर मी स्वतः येईन, पूर्वी आले तशी. पण आज मी जेवते, झोपते, गोळ्या घेते, आणि मला पाण्यात जायचंय."

तरुण डॉक्टर उठले. "त्या दिवशी मला मिळालेली माहिती पुन्हा मिळाली, तर मी पुन्हा ठेवून घेईन. आज ठेवायला माझ्यापाशी कारण नाही." भर सभेत असं म्हणायला हिंमत लागते. मी त्यांना आजन्म फुकट तिकीट देऊन टाकलं, मनातल्या मनात.

न्यायाधीशबाईंनी शेजारच्या दोघांशी थोडं कुजबुजून निकाल सांगितला: आजार आहे, पण ठेवून घेण्याजोगा धोका नाही, काळजी घेता येते, घरी राहून उपचार चालू आहेत. या बाईंनी आताच घरी जावं. मी एवढ्या जोरात टाळी वाजवली की डुगडुगती खुर्ची माझ्यासकट कलंडली. मला उठवायला मंडळ धावलं. मगरताई जागची हलली नाही, पोट धरून हसत होती.

बाहेर पायऱ्यांवर भाऊ म्हणाला, "ताई, मला माफ कर."

"माफी राहू दे. सोमवारी तलावावर ये. कपडे आण."

तो आला. पांढराफटक, पण आला. गुडघाभर पाण्यात उतरायला एक आठवडा, छातीभर पाण्यात जायला आणखी किती ते विचारू नका. ती ओरडली नाही, ओढलं तर मुळीच नाही. व्यवस्थापक काठावरून बघून गेले आणि मुलांचा वर्ग गुपचूप तिच्या नावावर परत लावला.

मग एके सकाळी तो उताणा पडला, तिचा तळहात त्याच्या पाठीखाली. डोळे गच्च मिटलेले, नाक वर. खिडकी बंद करून मी काठावर जाऊन उभी राहिले. रांग बोंबलत होती.

"हात काढू का?" तिने विचारलं.

"नको."

"बरं. तू म्हणशील तेव्हाच." आणि ती तशीच उभी राहिली. बोटं सुरकुतली असतील तिची. त्याने दोनतीनदा श्वास घेतला.

"काढ," तो म्हणाला.

तिने हात काढला. तो तरंगला. तलावातली मुलं पोहायची थांबली. रांगेतली माणसंही जाळीला नाक लावून बघत होती. जन्मभर भिंतीला चिकटून चालणारा तो माणूस पाण्याच्या मधोमध एकटा पडला होता, आणि मगरताई दोन्ही हात वर धरून रडत होती, जगाला दाखवत होती की बघा, मी धरलेलं नाही.

शेवटी तो धडपडत उभा राहिला, नाकातोंडातून पाणी काढलं, आणि बहिणीकडे न बघता आधी माझ्याकडे वळून ओरडला, "खिडकीबाई, वेळ मोजलीत का?"

घड्याळ माझ्या हातात होतं. त्याच्या काट्यांकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"मोजली की!" मी ओरडून सांगितलं. "पुष्कळ झाली!"