दोन तासांचा विमानतळ

समस्त ग्रामस्थ, पाहुणे मंडळी, तसेच माळावर चरणारी गुरे, शेळ्या आणि त्यांचे मालक यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आज सकाळी अकरा ते दुपारी एक या वेळेत आपल्या पाड्याच्या माळाला विमानतळाचा दर्जा प्राप्त झालेला आहे. तरी या काळात धावपट्टीवर कोणीही शेण वेचू नये, बैल सोडू नयेत आणि खाट टाकून झोपू नये. विमानतळ एक वाजता बंद होईल. त्यानंतर शेण ज्याचे त्याने वेचावे.

ही घोषणा मी केली. भोंग्यावरून, पोट आत ओढून, बातम्या देणाऱ्या माणसाचा आवाज काढून. माळ हसला, म्हातारे हसले, बंदोबस्ताला आलेले पोलीससुद्धा तोंड फिरवून हसले. मला आणखी काय हवं?

माझा धंदा मांडवाचा. जव्हारला दुकान आहे: मांडव, खुर्च्या, भोंगे आणि वर मी. इकडे मोखाड्यापर्यंत कुणाचं लग्न असो, दहावं असो, नाहीतर निवडणूक, भोंग्यातून येणारा आवाज माझाच. दहाव्याला जरा हळू बोलतो, एवढाच फरक. त्या दिवशी मात्र काम मोठं होतं. आश्रमशाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन करायला मंत्रीसाहेब हेलिकॉप्टरने येणार होते. आमच्या डोंगरात सपाट जागा म्हणजे देवाने चुकून सोडलेली. पाड्याला असा माळ एकच. क्रिकेट तिथेच, लग्नाच्या पंगती तिथेच, मळणी तिथेच. बांधकाम खात्याच्या माणसांनी त्यावर चुन्याचा मोठा गोल काढला, गोलात इंग्रजी एच काढला, आणि वाऱ्याची दिशा वरून कळावी म्हणून धूर करायला ओल्या पेंढ्याचा ढीग लावून ठेवला.

मांडवात पहिल्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक मावशी सकाळपासून बसून होती. माझी सख्खी मावशी नव्हे. पाड्यातली बाई, माझ्यापेक्षा थोडी मोठी, म्हणून मावशी. तिचं घर ओहळाच्या पलीकडे. माळ, शाळा, गिरणी, दवाखान्याचा रस्ता, सगळं ओहळाच्या अलीकडे. तिचा पोऱ्या दोन वर्षांपूर्वी भर पावसात गिरणीतून दळण घेऊन घरी निघाला होता. ओहळ चढलेला. रोजचं पाणी, रोजची वाट, म्हणून तो उतरला. काठावर धुणं गोळा करणाऱ्या बायकांनी नंतर सांगितलं की आधी पाणी पांढरं झालं. पीठ सांडलं होतं. मग तो दिसेनासा झाला. सून आता दोन्ही नातवंडांना घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर असते. घरात मावशी एकटी.

तेव्हापासून तिचं मागणं एकच: ओहळावर साकव. मोठा पूल नको, गाडी जायला नको, माणूस डोक्यावर ओझं घेऊन जाईल एवढा साकव. तिने कुणाकुणाला सांगितलं त्याला गणती नाही. गेल्या उन्हाळ्यात एक इंजिनीअर साहेब पाहणीला आले होते. पावसाळ्यात त्यांची गाडी इथवर पोचत नाही, म्हणून पाहणी नेहमी उन्हाळ्यातच होते. ओहळात तेव्हा डबक्यापुरतं पाणी. साहेबांनी बूटसुद्धा न काढता उडी मारली, पलीकडे गेले, परत उडी मारून अलीकडे आले आणि म्हणाले, "मावशी, यावर साकव कशाला?"

मावशी म्हणाली, "श्रावणात या. तेव्हा मारा उडी."

साहेब श्रावणात आले नाहीत.

तर मंत्रीसाहेबांसमोर गावाच्या वतीने बोलायला मावशीला निवडलं होतं. सरपंचबाई म्हणाल्या, "आम्ही मागितलं तर राजकारण होतं, तिने मागितलं तर निदान ऐकतील." तिची तयारी करून घेण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं. बोलायचं कसं, हे मी सोडून कोण शिकवणार? आदल्या आठवड्यात मी तिच्या ओट्यावर बसून शिकवणी घेतली.

"मावशी, म्हण: साकव मिळावा ही नम्र विनंती."

"साकव मिळावा ही नरम विनंती."

"नम्र."

"नरमच बरंय. कडक बोलून कुठं मिळाला?"

"बरं, मग मध्ये जरा थांबायचं. पदर डोळ्याला लावायचा."

"लग्नात नवरीला रडवतोस तसं मला पन रडवायचंय व्हय रे भाऊ? माझं रडून झालंय. मला लाकूड पायजे, दोन काठाला टेकेल असं."

शेवटी ठरली ती दोनच वाक्यं. साहेब, माझा पोऱ्या या ओहळात गेला. इथं साकव पायजे. बस. मी तिच्या खुर्चीसमोर माइकचा स्टँड लावला, तिच्या उंचीला उतरवला, आणि बटण आधीच चालू करून ठेवलं, म्हणजे ऐन वेळी बोटं अडखळायला नकोत.

साडेअकराच्या सुमाराला रस्त्यावर एक पांढरी गाडी थांबली. चाळिशीतला एक माणूस उतरला. डोक्यावर टोपी, पाठीला पेटीसारखी काळी बॅग. ठाण्याकडचा होता, बायकोला घेऊन त्र्यंबकला निघालेला. सकाळी जव्हारजवळच्या शिरपामाळावर थांबून त्याने ड्रोन उडवला होता, दऱ्या टिपल्या होत्या, आणि आता वाटेत मांडव, पताका, गर्दी बघून त्याला वाटलं जत्रा आहे. त्याने बॅग उघडली, त्यातून पंख्यांचं ते यंत्र काढलं, आणि आमच्या लोकांनी काय करावं? पाड्याला वाटलं, हा मंत्रीसाहेबांचा माणूस. साहेबांच्या आधी येऊन जागा तपासणारा. आजवर आमच्याकडे सरकारी माणूस आला की त्याच्याकडे काही ना काही यंत्र असतंच. पोलीस पाटलाने स्वतः उठून त्याला खुर्ची दिली. सरपंचबाईंनी चहा पाठवला. तो बिचारा संकोचून म्हणाला, "अहो, कशाला, मी फक्त पाच मिनिटं उडवतो. चालेल ना?"

"चालेल म्हणजे? उडवा की! तुमचीच वाट बघत होतो," पोलीस पाटील म्हणाला, आणि सपाट जागा म्हणून त्याला थेट एचच्या मधोमध नेऊन उभा केला.

पोलीसही काही बोलले नाहीत. ज्याला पोलीस पाटील हात जोडतो त्याला अडवायचं कसं?

ड्रोन वर गेला. मधमाश्यांसारखा आवाज करत मांडवाच्या वर, सागाच्या वर, मग एकदम लहान. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. कला कुणाचीही असो, दाद द्यावी.

आणि तेवढ्यात डोंगराच्या पलीकडून तो दुसरा आवाज आला. दणदणीत. पेंढ्याला कुणीतरी काडी लावली, धूर उठला, पोरं किंचाळली, आणि सगळा पाडा हेलिकॉप्टर बघायला धावत गोलात घुसला. ठाण्याचा माणूस हातातला रिमोट धरून ओरडत होता, "बाजूला व्हा! मला खाली घ्यायचाय! अहो बाजूला व्हा!" बाजूला कोण होणार? ड्रोन खाली यायचा तर माणसांच्या डोक्यावर. तो वरच अडकून राहिला, धुराच्या बाजूला, नेमका जिथून हेलिकॉप्टरला उतरायचं होतं तिथे.

हेलिकॉप्टरने माळावरून एक फेरी मारली. आतली माणसं दिसावीत इतकं खाली आलं. मग जरा उंच जाऊन आणखी एक फेरी. पहिल्या रांगेतून मावशी उठून उभी राहिली, पदर सारखा केला, माइकपाशी आली. मग ते हेलिकॉप्टर तिरकं झालं, आमच्याकडे शेपटी केली आणि नाशिकच्या बाजूला निघून गेलं. आवाज बराच वेळ दऱ्यांत फिरत राहिला. मग तोही थांबला.

मी इतक्या वर्षांत मोडलेली लग्नं पाहिलीत, वरात दारातून परत गेलेली पाहिली आहे. त्या माळावरच्यासारखी शांतता मी कधी ऐकली नाही. धूर तेवढा सरळ वर जात होता. वारा नव्हताच.

नायब तहसीलदार फोनवर बोलून आले. "पायलटला वर काहीतरी उडताना दिसलं, त्याने धोका घेतला नाही. साहेब पुढच्या कार्यक्रमाला गेले. पुढच्या दौऱ्यात बघू म्हणाले."

मावशीने माझ्यापाशी येऊन विचारलं, "म्हंजी आज नाय?"

"आज नाही मावशी."

"मग कवा?"

मी वळून पहिल्या रांगेतल्या खुर्च्या सरळ करू लागलो.

मांडव उभा होता, खुर्च्या मांडलेल्या होत्या, साहेब नव्हते. मग जे झालं ते आमच्या देशात दुसरं काय होणार? चर्चा झाली. बंदोबस्तावरच्या फौजदार साहेबांनी ठाण्याच्या माणसाला समोर बसवलं. त्याचा चेहरा चुन्यासारखा झालेला, बायको मागे उभी राहून रडत होती.

"विमानतळाजवळ ड्रोन उडवायचा नाही, एवढं माहीत नाही?" फौजदार म्हणाले.

"साहेब, पण इथे विमानतळ कुठे आहे? मी अ‍ॅपवर बघितलं. हिरवा झोन दाखवतो, म्हणजे उडवायला मोकळीक. हे बघा ना."

"हेलिकॉप्टर उतरणार होतं म्हणजे विमानतळच."

"ते मला कसं कळणार साहेब?"

"चुन्याने एवढा मोठा एच काढलाय, दिसला नाही?"

"मला वाटलं लंगडीचा आहे."

मागून कुणीतरी हसलं. आमच्याकडचा एक गडी मुंबईला विमानतळावर सामान चढवतो, शिमग्यासाठी घरी आलेला. तो उठला. "साहेब, उधर तो पतंग दिसला तरी बंदूकवाले धावत येतात. हितं कोन बघतंय? कायदा कडक पायजे."

जव्हारचा लग्नाचं शूटिंग करणारा लगेच तडकला. "मग आमचं काय? नवरी-नवरदेव आता वरूनच पायजेत सगळ्यांना. बंदी घातली तर आमचा धंदा बसला."

सरपंचबाई म्हणाल्या, "बाया ओहळावर धुवायला जातात, वरून हे भुणभुणतं. त्याचा काय कायदा?"

नायब तहसीलदारांना वेगळीच शंका. मंत्री आलेच नाहीत, तर हा मंत्र्यांचा दौरा धरायचा का? दौरा नसेल तर गुन्हा कुठला? मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "ओ मांडववाले, तुम्ही सकाळी जाहीर केलंत ना, की माळाला विमानतळाचा दर्जा मिळाला म्हणून? सगळ्यांनी ऐकलंय. म्हणजे सूचना दिली गेली होती."

"साहेब, ती गंमत होती."

"गंमत की सूचना, एक काय ते सांगा."

जन्मात पहिल्यांदा माझा विनोद कुणी इतक्या गांभीर्याने घेतला होता. मला त्याचा आनंद होईना.

"साहेब, हा माणूस तेव्हा इथं नव्हता," मी म्हणालो. "तो नंतर आला. त्याला खुर्ची आपणच दिली."

पोलीस पाटील जमिनीकडे बघू लागला.

शेवटी ठरलं की ड्रोन हेलिकॉप्टरपासून किती लांब होता ते आधी बघू. ठाण्याच्या माणसाकडे सगळं चित्रण होतं. मंत्रीसाहेबांना योजनांची फिल्म दाखवायला मी मोठा टीव्ही आणला होता, त्याला त्याचा फोन जोडला. सगळा मांडव पुढे सरकला. टीव्हीवर आधी पोलीस पाटलाची टोपी आली, मग चुन्याचा एच, मग आमच्या मांडवाचं गुलाबी-निळं छत, कौलं, कापणी झालेली भाताची खाचरं, नागलीचे उतार. आपला पाडा वरून कुणीच पाहिलेला नव्हता. क्षणभर गुन्हा, दौरा, झोन सगळं विसरून लोक एकमेकांना घरं दाखवू लागले. "ते आमचं! गवत रचलंय बघ." "तुझी म्हैस बघ, सोडलीस ना विमानतळावर!"

मग कोपऱ्यातून हेलिकॉप्टर आलं. "थांबवा," फौजदार म्हणाले. चित्र थांबलं. त्यांनी काठीने टीव्हीवर इथून तिथून मोजलं. नायब तहसीलदारांना ते अंतर जास्त वाटलं, फौजदारांना कमी. दोघं पुन्हा बोलू लागले.

मावशी कधी उठली ते मला कळलं नाही. ती टीव्हीपाशी येऊन उभी होती. नव्या लुगड्याच्या घड्या अजून तशाच. माइकचा स्टँड तिच्या उंचीला लावलेला, तिच्या शेजारीच. बटण चालू होतं, हे त्या गोंधळात माझ्याही लक्षात नव्हतं.

"भाऊ, आमचा ओहळ कुठला रं यात?"

ते सगळ्या माळावर घुमलं. मी बोट ठेवून दाखवलं. पडद्याच्या खालच्या अंगाला, खाचरांच्या मधून, नखाने ओरखडा काढावा तशी एक रेघ गेली होती. मावशीने वाकून पाहिलं. काठावरचं उंबराचं झाड शोधलं, ते तिला सापडलं, तिथून खाली, जिथे गिरणीची वाट पाण्यात उतरते, तिथे तिने बोट टेकवलं. बोटाखाली अख्खा ओहळ झाकला गेला. तिने बोट उचलून पुन्हा पाहिलं. मग आमच्या कुणाकडेही न बघता ती बोलली, आणि माझ्या भोंग्यांनी ते दरीपार पोचवलं.

"एवढासाच हाय यो?"