मावशी घर बघायची तेव्हा

फोन आला तेव्हा मी पाथर्डी फाट्याजवळच्या एका रिकाम्या फ्लॅटच्या भिंती मोजत होते. बँका कर्ज देण्याआधी घराची किंमत ठरवून घेतात, ते माझं काम. "लीलामावशी गेली," एवढंच आई म्हणाली... मी टेप गुंडाळला आणि का कोण जाणे, स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून बघितला. ती सवय मावशीची.

निफाडकडच्या शाळेतून बदली होऊन ती नाशिकला आली तेव्हा तिला भाड्यानं खोली मिळेना. पंचवटीत, कॉलेज रोडला, सगळीकडे खोली रिकामी असायची; मावशीनं आडनाव सांगितलं की ती कालच कुणाला तरी दिलेली निघायची. आम्ही बौद्ध, आणि आमच्या आडनावावरून ते लगेच कळतं. ती रडली नाही की भांडली नाही. आमच्याकडे राहिली, मग कर्ज काढून स्वतःचं घर घेतलं. ते कर्ज फिटल्यावर मात्र तिनं नवंच खूळ डोक्यात घेतलं: आता भाड्यानं द्यायला एक फ्लॅट घ्यायचा. नातेवाइकांनी सोनं सुचवलं, एफडी सुचवली. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि रविवारी मला घेऊन फ्लॅट बघायला निघायची.

मी कागदपत्रं, बांधकाम, आजूबाजूचे भाव बघायचे. ती नळ बघायची, ऊन कुठून येतं ते बघायची आणि शेवटी समोरच्या दाराची बेल वाजवून प्यायला पाणी मागायची. "भिंती तू मोज, शेजार मी मोजते," म्हणायची. प्रत्येक घर बघताना तिला तहान कशी लागते, यावरून मी तिला खूप चिडवलं आहे.

गंगापूर रोडच्या त्या फ्लॅटला मात्र नावं ठेवायला जागा नव्हती. हवा, उजेड, रस्ता, भाव, सगळं छान. समोरच्या काकूंनी हसून दार उघडलं, विचारपूस केली, मग आडनाव विचारलं. मावशीनं सांगितलं. काकू आत गेल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत. मग आतूनच आवाज आला, "आमचा फिल्टर बिघडलाय हो."

जिन्यात माझा संताप अनावर झाला होता. "चल मावशी, दुसरीकडे बघू."

"का? भाव बरोबर आहे ना?"

"भाव बरोबर आहे. पण भाडं येईल त्यापेक्षा हप्ता जास्त जाईल. आणि वर हा शेजार."

"मग इथंच घ्यायचा," ती म्हणाली. "या जिन्यानं आपल्या पोरींनी जा-ये करायला नको?"

कर्जाला तिचं वय आडवं आलं, निवृत्ती जवळ होती. सहकर्जदार म्हणून मी सही केली. भाडेकरूही तिनंच निवडली, पेठ तालुक्यातली एक नर्स. ती दारातच म्हणाली, "आधीच सांगते मॅडम, आम्ही मच्छी खातो. मागून कटकट नको."

"आत ये, पाणी पी," मावशी म्हणाली. "करशील तेव्हा मला पण बोलव."

त्या दिवशी पाण्याला आणलेला पितळी तांब्या मावशीनं परत नेला नाही. तो ओट्यावरच राहिला. पुढे भाडेकरू बदलल्या, तांब्या तिथंच.

फ्लॅट तिनं माझ्या नावानं केला होता. ती गेल्यावर काही आठवड्यांनी समोरच्या काकूंचा मुलगा भेटायला आला. चांगलं बोलला, मावशीची आठवण काढली आणि हळूच विषयाला हात घातला. त्याला दोन्ही फ्लॅट एक करायचे होते. त्यानं सांगितलेली किंमत मी माझ्या अहवालात कधीच लिहिली नसती, इतकी चढी होती. खोटं कशाला सांगू, मन क्षणभर डळमळलं. माझ्या धंद्यात असा भाव कुणी सोडत नाही.

"विकायचा नाही," मी म्हटलं.

"घाई नाही. विचार करून सांगा."

"केलाय विचार."

मागच्या रविवारी सटाण्याकडचं एक तरुण जोडपं फ्लॅट बघायला आलं. बरीच घरं फिरून दमलेलं दिसत होतं. नवरा उंबऱ्याबाहेरच थांबला आणि म्हणाला, "मॅडम, आमचं आडनाव आधीच सांगून टाकतो, म्हणजे..."

"आधी आत या," मी म्हटलं, आणि ओट्यावरचा तांब्या भरून त्यांच्यापुढे ठेवला. दोघं घटाघट पाणी प्यायली. आडनाव मी भाडेकरार लिहितानाच विचारलं.